सांबऱ्याचं विमान आणि 17 इंचाची सीट

"अक्का, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, वय 41, वजन 118 किलो. धाकटा भाऊ दुबईला असतो, त्याच्या मुलीचा पहिला वाढदिवस आहे म्हणून त्याने मला आणि ह्यांना तिकिटं पाठवलीत, सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरनं, बेंगळूर आणि तिथनं दुबई. मी आजवर विमानात बसलेलो नाही. नणंद म्हणते तुला दोन सीट लागतील, पट्टा बसणार नाही, मग सगळ्यांसमोर खाली उतरवतात. आणि बॅगेसारखं माणसाचं पण वजन करतात म्हणे. ह्यांना सांगितलं तर 'जाऊया की, काय होतंय' एवढंच. पाच आठवडे राहिलेत, मी रात्रीचं जेवण बंद केलंय. भावाला येत नाही म्हणून सांगू काय? खानापूरची एक वाचक."

अगं बाई, पहिलं काम म्हणजे आज रात्री जेव. भाकरी, आमटी, भात, घरात जे असेल ते. पाच आठवडे उपाशी राहून फार तर चार-पाच किलो जातील, चक्कर येईल, सगळ्या घरावर चिडचिड होईल, आणि विमानाची सीट 118 ला जशी तशीच 113 ला. वजन उतरवायचंच असेल तर डॉक्टरला विचारून, निवांत, दुबईहून आल्यावर. तिकिटाशी त्याची गाठ मारू नको. आणि भाचीच्या वाढदिवसाला आत्या गेली नाही तर कसं होईल?

मी हे लांबनं सांगत नाही, माझं स्वतःचं वजन 112 आहे आणि मुलगी हैदराबादला असल्यामुळं वर्षातनं दोन-तीनदा तरी विमानात बसतो. (मी बाई असून 'बसतो, गेलो' लिहितो म्हणून पुण्याकडच्या वाचकांनी परत चुका काढून पाठवू नयेत, आमच्या बेळगावात बायका अशाच बोलतात.)

आता नणंदेचं एकेक बघू. माणसाचं वजन करतात काय, तर नाही. काट्यावर चढते ती बॅग. विमानाच्या हिशेबाला कंपन्या माणसामागे एक सरासरी वजन धरतात आणि मोकळ्या होतात. ही गोष्ट उठली कुठनं ते मला वाटतंय कळलंय. 2023 मध्ये एअर न्यूझीलंडने आंतरराष्ट्रीय प्रवाशांचं वजन करून बघितलं होतं, पण ते ही सरासरी नवीन काढायला, ज्याची तयारी असेल त्याचंच, आणि काट्याचा आकडा तिथल्या स्टाफला दिसत पण नव्हता. 2024 ला फिनलंडच्या फिनएअरने पण ज्याची तयारी असेल त्याचं वजन करून बघितलं. ती बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत खानापूरला पोचेपर्यंत तिला शेपूट फुटलं. नाहीतर मग नणंदेच्या ओळखीचं कोणीतरी केदारनाथला हेलिकॉप्टरने जाऊन आलं असेल, तिथं माणसाला काट्यावर उभं करतात हे खरं. पण ते हेलिकॉप्टर ग.

एक मात्र होऊ शकतंय. छोट्या विमानात माणसं कमी असली तर पुढचं-मागचं वजन सारखं व्हावं म्हणून कोणाकोणाला उठवून दुसऱ्या ओळीत बसवतात. तुला उठवलं तर 'बघ, मी जाड म्हणून' असं डोक्यात घेऊ नको. माझ्या शेजारचा काडीपैलवान पोरगा उठवला होता आणि मी होतो तिथंच राहिलो.

आता पट्टा. ह्याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सगळी भीती तिथं आहे आणि माझी फजिती पण तिथंच झालीय. मी पहिल्यांदा विमानात बसलो तेव्हा खिडकीजवळ सीट होती. पट्ट्याची दोन टोकं ओढली, श्वास आत घेतला, परत ओढली, चार बोटं कमी. शेजारी एक साहेब लॅपटॉप उघडून बसलेले. मला घाम. मग मी काय शहाणपणा केला, तर शाल अंगावर घेतली आणि शालीखाली दोन्ही टोकं दोन हातांनी धरून बसलो. एअर होस्टेस बघत बघत पुढे गेली, तिला वाटलं लागलाय पट्टा. सगळा प्रवास तसाच. पाणी दिलं तर नको म्हटलं, हात कुठं मोकळा होता. बेंगळूरला चाकं टेकली, विमानाने असा जोरात ब्रेक मारला की माझे हात सुटले, लोखंडी बक्कल पुढच्या सीटवर आपटलं आणि मी कपाळावर हात धरून पुढं. ती मुलगी नंतर येऊन काय म्हणाली माहीत आहे, "मोदले हेळबेकित्तल्ला, मॅडम". आधी सांगायचं नाही काय. तेवढंच. रागावली नाही, हसली नाही. आणि समोरच्या कप्प्यातनं पट्ट्याचा एक तुकडा काढून दाखवला, हा असतोय म्हणून.

तर तो तुकडा म्हणजे एक्स्टेन्शन बेल्ट. साधारण दोन फुटी पट्टा, एका बाजूला जीभ आणि दुसऱ्या बाजूला बक्कल, तुझ्या सीटच्या पट्ट्यात अडकवला की झालं. पैसे लागत नाहीत. प्रत्येक विमानात थोडेच असतात म्हणून चढतानाच मागायचा. दारात नमस्कार करायला जी मुलगी उभी असते तिला हळू आवाजात "एक्स्टेन्शन बेल्ट प्लीज" एवढं म्हणायचं, ती तुझा सीट नंबर विचारते आणि मुठीत गुंडाळून आणून देते, शेजारच्याला कळत पण नाही. परतीच्या वेळी मी तसंच मागितलं, दहा सेकंद लागली असतील. त्या दहा सेकंदाला घाबरून मी जाताना पाणी पण प्यायलो नव्हतो. तुला दोन विमानं आहेत तर दोन्हीकडे वेगळं मागावं लागणार, आणि उतरताना तो परत देऊन यायचा, नाहीतर तो पर्समध्ये जातोय आणि पुढच्या माणसाची अडचण होते. ऑनलाइन विकत मिळतात ते घेऊ नको, बक्कल प्रत्येक विमानाचं एकसारखं नसतं आणि बाहेरनं आणलेला पट्टा कंपन्या लावू देत नाहीत.

आणि बघ, पुष्कळ बायका पट्टा पोटावरनं घेतात, तिथं तो कमी पडतोच. पट्टा पोटाच्या खालनं, मांड्या जिथं सुरू होतात तिथं हाडावर बसवायचा. झटका बसला तर तिथंच सोसतंय, पोटावर असला तर आतनं लागतंय. असा लावला तर कदाचित तुला एक्स्टेन्शन लागणार पण नाही. पट्ट्याची लांबी विमाना-विमानात वेगळी असते, मला एकात लागतो आणि दुसऱ्यात लागत नाही, वजन तेच.

दोन सीट लागतील काय, हे नणंदेला विचारू नको, टेपला विचार. घरी बिनहाताची खुर्ची भिंतीला चिकटव, एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला स्टुलावर तांदळाचा डबा ठेवून ह्यांना तो तुझ्या मांडीला टेकेपर्यंत सरकवायला सांग, दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं. मग तू ऊठ आणि भिंतीपासून डब्यापर्यंत मोज. विमानातल्या साध्या सीटची रुंदी, खुर्चीला असतात तशा तिच्या दोन हातांच्या मध्ये, साधारण 17 ते 18 इंच असते, म्हणजे 43 ते 46 सेंटीमीटर. तुझं माप 18-19 आलं तरी नवरा शेजारी असल्यावर काही अडत नाही, मधला हात वर केला की झालं. 21-22 आलं तर मग दुसऱ्या सीटचा विचार करायचा, त्याच्याबद्दल पुढं सांगतो.

एक इंच म्हणजे काय मोठं, असं वाटेल. त्या एका इंचावर कंपन्यांची सगळी कमाई आहे ग. बोइंग 737 च्या पोटाचा घेर 1950 च्या दशकातल्या 707 विमानावरनं आलेला, म्हणून त्याची सीट 17 च्या आसपास. एअरबस 320 आतनं थोडं रुंद, तिथं 18. आणि मोठं विमान म्हणजे मोठी सीट असं पण नाही, बोइंग 777 मध्ये सुरुवातीला एका ओळीत नऊ सीट बसवायचे, नंतर बऱ्याच कंपन्यांनी दहावी घुसवली आणि सीट 17 वर आली. म्हणून तिकिटावर विमान कोणतं लिहिलंय ते भावाला बघायला सांग. दहाच्या ओळीचं 777 असलं आणि त्याच पैशात दुसऱ्या वेळेचं 320 मिळत असलं तर मी 320 घेतो. आपण जाड झालो हे खरं, पण सीट पण बारीक झालीय, हे पण खरं.

सांबऱ्याहून बेंगळूरला बहुतेक पंख्याचं विमान असेल, एटीआर. ते बघून घाबरू नको, मला तर तेच आवडतंय. दोन-दोन सीटची ओळ, मधली सीट हा प्रकारच नाही, म्हणजे तू खिडकीजवळ, हे शेजारी, तिसऱ्याचा संबंधच येत नाही. चढायचं मागच्या दाराने, दारालाच छोटा जिना असतो, पायऱ्या मोजक्या, कठडा धरून सावकाश चढ, मागच्याला थांबू दे. मागच्या ओळीतली सीट घेतलीस तर त्या अरुंद वाटेतनं आडवं होऊन लांब जायला लागत नाही. वरचे कप्पे लहान असतात, म्हणून हातात मोठी बॅग नको. तासा-सव्वातासाचा प्रवास, चहा संपेपर्यंत बेंगळूर.

दुबईच्या विमानात तीन-तीनची ओळ असली तर आमची एक युक्ती आहे. खिडकीची तू घे, कडेची ह्यांना, मधली सोड. विमान भरलं नाही तर मधली सीट सहसा रिकामीच राहते, कारण तिथं मुद्दाम कोण बसणार, आणि मग तुम्हा दोघांना तीन सीट. कोणी आलाच तर ह्यांनी त्याला कडेची द्यायची आणि स्वतः मधे सरकायचं, कोणी नाही म्हणत नाही. खिडकीची सीट मला बरी वाटते कारण भिंतीला टेकता येतं आणि एका बाजूला लोक नाहीत. काहींना कडेची बरी वाटते, उठायला सोपं, पण मग ट्रॉली येता-जाता खांद्याला लागते. कडेच्या सीटचा बाहेरचा हात पण बऱ्याच विमानात वर होतोय, खालच्या बाजूला मागे सांध्यापाशी बोटाने चाचपलं की छोटं बटण लागतं, ते दाबून उचलायचा. उठताना लई उपयोग होतो. उडताना आणि उतरताना मात्र खाली.

दोन ठिकाणच्या सीट कोणी कितीही "पाय मोकळे राहतात" म्हणून सांगितलं तरी घेऊ नको. एक सगळ्यात पुढची ओळ, तिथं जेवणाचा ट्रे सीटच्या हातातनं निघतोय, म्हणून हात जाड असतात, वर होत नाहीत आणि बसायची जागा आणखी कमी. दुसरी इमर्जन्सी दरवाजाची ओळ, तिथं एक्स्टेन्शन बेल्टवाल्याला बसवत नाहीत, नियम आहे. जास्त पैसे भरून घेतलेली सीट आयत्या वेळी सोडावी लागते आणि तेव्हा खरंच सगळे बघतात.

आता दुसरी सीट. मापात गरज दिसली तर शेजारची सीट स्वतःच्याच नावावर घेता येते, त्यात लाजायचं काय, लग्नाला जाताना पाय पसरायला म्हणून अख्खी गाडी करतोच की आपण. इंडिगोने 2020 च्या जुलैत कोरोनाच्या वेळी एका माणसाला दोन सीट द्यायची सोय काढली होती, बाकी कंपन्या पण फोनवर करून देतात. वेबसाइटवर स्वतःचं नाव दोनदा टाकून बुकिंग करायला जाऊ नको, सिस्टीम डुप्लिकेट समजून एक उडवते. भावाला कंपनीला फोन करून घ्यायला सांग. पैसे आपल्याच खिशातनं जातात हे वाईट. कॅनडात 2009 पासून मोठ्या कंपन्यांना देशातल्या देशात, डॉक्टरी कारणाने ज्याला एक सीट पुरत नाही त्याच्याकडनं दुसऱ्या सीटचे पैसे घेता येत नाहीत, तिथल्या सरकारी प्राधिकरणाने 2008 ला तसा निकाल दिला होता. आपल्याकडे ती चैन नाही.

आणि उतरवतात काय, ह्याचं खरं उत्तर देतो, गोड बोलत नाही. सीटचे दोन्ही हात खाली येत नसतील, शेजारी अनोळखी माणूस असेल आणि विमान पूर्ण भरलेलं असेल तर काही कंपन्या दुसरी सीट घ्या किंवा पुढच्या विमानाने जा म्हणू शकतात. तुझ्या शेजारी तुझा नवरा आहे. तो बारीक असला तर उत्तमच, नसला तरी तक्रार कोणाकडे करणार आहे?

कपड्यांचं. पहिल्या विमानाला साडी नको असं माझं मत आहे, कोणाला पटो न पटो. निऱ्यांची घडी पोटाशी खोचली की पट्ट्याचे दोन-तीन इंच तिथंच गेले. सैल कॉटनचा पंजाबी ड्रेस घाल, मांड्या घासतात त्यांना पावडर लाव किंवा आत लांब सायकलिंग शॉर्ट घाल, बेंगळूरच्या एअरपोर्टवर चालणं भरपूर आहे. चप्पल-बूट जरा सैल, कारण बसून बसून पाय सुजतात. तपासणीला बायकांना पडद्याच्या आत बाई पोलीसच तपासते, त्याची चिंता करू नको.

जेवणाचा ट्रे पोटावर टेकून तिरका राहतो, माझा नेहमीच. ह्यांच्या ट्रेवर दोघांचं ठेवा, नाहीतर डबा हातात धरून खा, चहा मात्र ट्रेवर ठेवू नको, पुढच्याने सीट मागे घेतली की अंगावर. टॉयलेट लहान असतं, आत वळताना कसरत आहे, एअरपोर्टवर जाऊन मगच चढ. पण टॉयलेटच्या भीतीने पाणी बंद करू नको हं, ते मी करून बसलोय. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये सांगितलंय की चार तासांवर एका जागी बसून प्रवास केला की पायाच्या शिरेत रक्ताची गाठ व्हायचा धोका जवळजवळ दुप्पट होतो, दर सहा हजारात एखाद्याला, म्हणजे तसा थोडाच, पण आपल्यासारख्या वजनदार बायकांना इतरांपेक्षा जास्त. बेंगळूर-दुबई चारएक तास आहेच. दर तासाला उभी राहा, बसल्या जागी शिलाई मशीन चालवल्यासारखे पाय वरखाली कर. आधी कधी पायात गाठ झाली असेल किंवा गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारून टाइट सॉक्स घे, मनाने नको. आणि हे नुसतं विमानाला नाही, रात्रभराच्या बसला पण तेच.

शेजारच्या लोकांचं काय, तर मला एक सांग, कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट करणारी शक्ती योजना 2023 च्या जूनमध्ये सुरू झाल्यापासून खानापूर-बेळगाव लाल बसमध्ये तीनच्या सीटवर चौघी बसून येतोय की नाही आपण? मांडीवर पिशवी, पिशवीवर कोणाचं तरी पोर, आणि पाचवी येऊन म्हणते "जरा सरका की वैनी", आणि आपण सरकतो. तिथं कोणी कोणाची लाज बाळगत नाही. विमानात तेच लोक असतात, नुसते सेंट मारून आलेले. कोणी तोंड वाकडं केलं तर त्याच्याशी वाद घालायचा नाही, होस्टेसला बोलवायचं आणि "दुसरी जागा रिकामी असली तर ह्यांना द्या" म्हणायचं. मला द्या नाही, ह्यांना द्या.

ह्यांना ह्या सगळ्यातलं तू सांगितलंयस काय? 'जाऊया की' म्हणणारा माणूस वाईट नाही, त्याला काम दिलं की करतो. तांदळाचा डबा सरकवायला बोलव, मग सीट कुठली घ्यायची ते दोघं मिळून ठरवा.

जाताना कुंदा ने, खडेबाजारातनं आदल्या दिवशी ताजा घे आणि हातातल्या बॅगेत ठेव. लोणचं खालच्या बॅगेत, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून. आणि अनारसे करून नेणार असशील तर थांब. खसखस दुबईत बंदी आहे, एक दाणा पण नको, मसाल्याच्या डब्यात पण नको, त्यावर माणसं अडकलीत. त्यापेक्षा चिरमुऱ्याचे लाडू कर.